तळव्याचा नकाशा: पाय मागे घेणाऱ्या रिफ्लेक्सच्या प्रकल्प नोंदी

९ जून

एथिक्स कमिटीचं पत्र हातात आलं, आता कामाला लागायचं. विषय सरळ भाषेत सांगायचा तर तळव्याच्या वेगवेगळ्या जागी टोचल्यासारखं केलं की पायातले कुठले स्नायू, किती वेळाने आणि किती जोरात आखडतात ते मोजायचं. मी फिजिओथेरपीच्या पीजीला, पार्टनर इंजिनिअरिंगवाला, दोघंही गोव्यातले, तो फोंड्याहून येतो आणि मी डिचोलीहून. सर्किट आणि सॉफ्टवेअर त्याच्याकडे, माणसं आणि त्यांचे पाय माझ्याकडे अशी वाटणी.

पुस्तकात हा विषय अर्ध्या पानात उरकतात. काट्यावर पाय पडला, सिग्नल मज्जारज्जूत गेला, तिथूनच परस्पर स्नायूंना हुकूम सुटला, पाय वर, मेंदूला नंतर कळलं, संपलं. शेरिंग्टनने १९१० साली हे जनावरांवर सविस्तर दाखवलं, की दुखावलेल्या पायाचे वाकवणारे स्नायू आखडतात, सरळ करणारे ढिले पडतात आणि दुसरा पाय ताठ होतो कारण भार आता त्याच्यावर येणार असतो. हे सगळं बरोबरच आहे. पण मला पहिल्या वर्षापासून एक गोष्ट खटकत आलीय. काटा चवड्याखाली असेल तर घोट्यातून पाऊल वर उचललं की सुटका झाली. आणि टाचेखाली असेल तर? तेव्हाही चवडाच वर उचलला तर टाच उलट काट्यावर जास्त दाबली जाणार ना. मग दोन्ही वेळी एकच हुकूम सुटून कसं चालेल?

१२ जून

दिवसभर वाचन, बाहेर पाऊस नुसता कोसळतोय त्यामुळे दुसरं काही करण्यासारखं नव्हतंच.

परवाच्या प्रश्नाचं उत्तर १९६० मध्येच मिळालेलं आहे. त्या वर्षी स्वीडनमध्ये हागबार्थने, आणि वेगळं काम करून कुगेलबर्ग आणि त्याच्या सहकाऱ्यांनी, माणसांच्या पायावर ईएमजी, म्हणजे स्नायू आखडताना होणारी वीज टिपणारे इलेक्ट्रोड, लावून बघितलं की कातडीची जागा बदलली की स्नायूही बदलतात. टाचेला टोचलं तर पोटरी आखडते आणि टाच वर उचलली जाते, चवड्याकडे टोचलं तर नडगीचा स्नायू आखडतो आणि पाऊल वर येतं. म्हणजे प्रत्येक वेळी जी जागा दुखावली तीच जागा धोक्यापासून लांब जाते.

नंतर १९९० च्या सुमाराला स्वीडनच्याच लुंडमध्ये शाउएनबोर्गने उंदरांवर एकेक स्नायू सुटा घेऊन त्याचा कातडीवरचा इलाका काढला, आणि डेन्मार्कच्या आल्बोर्गमध्ये अँडरसन आणि आरेंट-नील्सन यांच्या ग्रुपने १९९९ मध्ये माणसाच्या तळव्याचा तसा नकाशा छापला. शेतात बांध घालून जसे ज्याचे त्याचे तुकडे असतात तसा तळवा स्नायूंमध्ये वाटलेला, फक्त इथे शेजाऱ्यांचे तुकडे एकमेकांवर बऱ्यापैकी चढलेले. आपल्याला हाच नकाशा आपल्या माणसांच्या पायांवर काढायचाय, कारण इथले पाय वेगळे आहेत. ज्यांचं आयुष्य चिऱ्याच्या वाटेवर, पोफळीच्या कुळागरात, चिखलात अनवाणी गेलं त्यांच्या तळव्याची कातडी आणि बुटात वाढलेल्या तळव्याची कातडी सारखी असणं शक्यच नाही.

१७ जून

सेटअप. माणूस आरामखुर्चीत टेकून बसवायचा, गुडघ्याखाली उशी घालून गुडघा थोडा वाकलेला, पाऊल मोकळं, कशालाही टेकलेलं नाही. तळव्यावर छोटे छोटे इलेक्ट्रोड टाचेपासून बोटांच्या मुळापर्यंत पसरून, आणि पावलाच्या वरच्या बाजूला एक मोठा, तो सगळ्यांना कॉमन. करंट लहान इलेक्ट्रोडखाली दाटतो म्हणून टोचल्याची भावना तळव्यालाच होते, वर काही वाटत नाही. स्टिम्युलस म्हणजे एक-एक मिलिसेकंदाचे पाच पल्स, २०० हर्ट्झने, माणसाला ते एकच टोचणं वाटतं.

नडगीवर टिबियालिस अँटिरियर, पोटरीत सोलियस आणि गॅस्ट्रोक्निमियस, मांडीला पुढे आणि मागे एकेक, असे ईएमजीचे चॅनेल. करंट किती द्यायचा हे प्रत्येक जागेसाठी वेगळं ठरवायचं, म्हणजे त्या जागेचा दुखण्याचा उंबरठा, किती करंटला दुखायला लागतं तो, आधी शोधायचा आणि त्याच्या दीडपट द्यायचं. हे न करता सगळीकडे सारखाच करंट दिला तर टाचेच्या जाड कातडीतून काही पोचणारच नाही आणि नकाशा तळव्याचा न निघता कातडीच्या जाडीचा निघेल. दोन टोचण्यांमधलं अंतर आठ ते पंधरा सेकंद, कधी किती ते सॉफ्टवेअर आपलं आपण ठरवणार, कारण ठरलेल्या तालात टोचलं तर शरीर सरावतं आणि रिफ्लेक्स हळूहळू विझतो.

स्टिम्युलेटर डिपार्टमेंटचा, मेन्सपासून, म्हणजे भिंतीतल्या विजेपासून, पूर्ण आयसोलेटेड, त्याबाबत प्रोजेक्ट बघणाऱ्या मॅडम अजिबात ऐकून घेत नाहीत आणि ते बरोबरच आहे. पार्टनरने बनवलेला अँप्लिफायर बॅटरीवर. तरी स्क्रीनवर आजूबाजूच्या विजेचा ५० हर्ट्झचा जाड पट्टा येत होता, ट्यूबलाइट बंद केली, लॅपटॉपचा चार्जर काढला, शेवटी भिंतीपलीकडचा फ्रीज बंद करायला लावला तेव्हा लाइन सपाट झाली.

२४ जून

आज स्वतःचाच पाय दिला. टोचलं आणि पाय उडाला, पण मला बघायचा होता तो वेळ. स्टिम्युलसनंतर ऐंशीच्या आसपास मिलिसेकंदाला नडगीच्या चॅनेलवर पहिला मोठा उसळा.

हा आकडा हिशेबाने पण जुळतो. तळव्यापासून मज्जारज्जूच्या खालच्या टोकापर्यंत, म्हणजे कमरेच्या वरच्या मणक्यापर्यंत, साधारण एक मीटर. दुखण्याची पहिली बातमी नेणारे ए-डेल्टा तंतू बारीक असतात, सेकंदाला ५ ते ३० मीटर. वीस धरले तर वर जायलाच ५० मिलिसेकंद, मज्जारज्जूत दोन-चार जोडण्या ओलांडायला थोडा वेळ, आणि परत नडगीपर्यंत येणारा मोटर तंतू जाड आणि वेगवान त्यामुळे तो रस्ता पंधराएक मिलिसेकंदात. झाले सत्तर-ऐंशी. म्हणूनच रिफ्लेक्स मोजायची खिडकी ६० ते १८० मिलिसेकंद धरतात, त्याच्यापुढे माणसाने स्वतःहून पाय हलवलेला पण मिसळायला लागतो.

आणि दुसरी कळ! दुखण्याचे आणखी बारीक असे सी तंतू सेकंदाला मीटरभर जेमतेम, त्यामुळे ठेच लागल्यावर आधी एक लख्ख कळ येते, पाय कधीच मागे आलेला असतो, आणि मग सेकंदाभराने तो जळजळणारा ठणका वर चढतो. लहानपणापासून हे सगळ्यांना माहीत असतं, पण आकडे मांडून ते स्वतःच्या पायावर जुळताना बघितलं तेव्हा मला फारच भारी वाटलं.

एक नोंद: पावसातून भिजून आलेल्या माणसाचा पाय लगेच घ्यायचा नाही. थंड नस हळू चालते, जाड तंतूंत डिग्रीमागे सेकंदाला साधारण दीड-दोन मीटरचा फरक पडतो. आधी पाय पुसायचे, गरम टॉवेलात गुंडाळायचे, कातडीचं तापमान लिहायचं, मग इलेक्ट्रोड.

५ जुलै

पहिले पूर्ण नकाशे निघाले, सगळे कॉलेजचेच व्हॉलंटियर. प्रत्येक जागेवरचा ईएमजीचा आरएमएस, म्हणजे सिग्नलचा सरासरी जोर, काढून तळव्याच्या चित्रावर रंग भरले. टिबियालिस अँटिरियरचा रंग तळव्याच्या मधल्या खळग्यात, आतल्या बाजूला सगळ्यात गडद आणि पुढे चवड्याकडे पसरलेला, टाचेवर जवळपास पांढरं. पोटरीचा बरोबर उलट, टाचेवर गडद. आल्बोर्गवाल्यांनी छापलेलं चित्र आणि आमचं चित्र शेजारी ठेवलं तेव्हा पार्टनर नुसता बघतच बसला.

व्हिडिओ पण बघितले हळू करून. आतल्या कडेला टोचलं की पाऊल वर येताना तळवा आतल्या बाजूला वळतो, बाहेरच्या कडेला टोचलं की उलट बाहेर वळतो. आणि हे सगळं होत असताना गुडघा आणि खुबा वाकतातच, पाय मागे घेण्याचं मोठं काम तेच करतात, घोटा फक्त दिशा ठरवतो. मेंदूला विचारायला वेळच नाही, तरी इतकं नेमकं.

हा नकाशा जन्मतः पक्का नसतो हे वाचून तर मी थक्क झाले. शाउएनबोर्गच्या ग्रुपनेच दाखवलंय की नवजात उंदराची पिल्लं बऱ्याचदा चुकीच्या दिशेला अंग हलवतात, कधी कधी थेट धोक्याकडेच, आणि मग दोन-तीन आठवड्यांत ते सुधारतं. २००३ च्या त्यांच्या पेपरात कारण आहे, झोपेत पिल्लाचे स्नायू आपोआप उडतात, त्याने कातडीला स्पर्श होतो किंवा स्पर्श सुटतो, आणि मज्जारज्जू त्यावरून शिकतो की कुठला स्नायू कुठली कातडी कुठे नेतो. दुखण्याशिवाय, फक्त स्पर्शाने. झोपेत पाय झटकणारं बाळ बघून आपण म्हणतो स्वप्न पडलंय, पण मला आता ते नुसतं बघणं जमत नाही.

१८ जुलै

आज आमच्या आवाठातले, म्हणजे वाडीतले, काका आले. सत्तरीला टेकलेत, शेती केली, आता मुलगा बघतो. लईराई देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, आहेत, तरुणपणापासून दर वर्षी शिरगावच्या जत्रेला व्रत पाळून होमकुंडातून, निखाऱ्यांवरून चालत जातात. मीच विचारलं होतं, ते लगेच हो म्हणाले.

त्यांचा तळवा मी नीट बघितला. टाचेच्या कडेने खोल भेगा, भेगांच्या आत चिऱ्याची लाल माती कायमची बसलेली, चवड्यावर अंगठ्याच्या मुळाशी रुपयाएवढा घट्टा, बोटाने दाबलं तर वहाणेच्या तळासारखा टणक, आणि खळग्यात मात्र कातडी मऊ, सुरकुतलेली, फिकी. पायाची बोटं पसरलेली, अंगठा आणि शेजारच्या बोटात चांगली फट. टाचेवर इलेक्ट्रोड लावला तर रेझिस्टन्स इतका की सिग्नल जाईना. गरम पाण्यात पाय बुडवून ठेवले आणि वजरीने हलक्या हाताने वरचा थर काढला, काका म्हणाले, "बाय, चवथीच्या आधी पाय एकदम नवे करून देणार तू."

टाचेचा उंबरठा कॉलेजच्या मुलांपेक्षा खूपच वर निघाला, खळग्याचा फार वेगळा नाही. पण उंबरठ्याच्या दीडपट दिल्यावर नकाशा तोच! खळग्यात नडगीचा स्नायू, टाचेवर पोटरी. कातडी जाड झाली तरी आतली वाटणी जागच्या जागी. एका माणसावरून मोठं विधान करता येत नाही, पण माझ्यापुरता आजचा दिवस सगळ्यात मोलाचा.

नंतर चहा घेताना मी विचारलंच की होमकुंडात पाय मागे घ्यावासा वाटत नाही का. काका म्हणाले, "आईची कृपा असते म्हणून जातो आम्ही. आणि पाय मागे घेऊन चालेल कसं, मागून माणसं येत असतात, थांबला तो पडला."

यातली कृपा त्यांची, त्याबद्दल मी काही बोलणार नाही. निखाऱ्याचं शास्त्र माहीत आहे, लाकडाचा कोळसा हलका आणि सच्छिद्र, उष्णता पुढे द्यायला मंद, वर राखेचा थर, आणि पाऊल टेकतं ते क्षणभर. पण दुसरं वाक्य माझ्या विषयाचं आहे आणि ते मी आल्या आल्या वहीत उतरवलं. चालणाऱ्या माणसाचा ज्या पायावर भार आहे तो पाय मज्जारज्जूने झटकन उचलला तर माणूस आडवा. त्यामुळे रिफ्लेक्स पावलाच्या कुठल्या टप्प्यात आहे त्याप्रमाणे बदलतो, पाय हवेत असेल तर सहज वर येतो, भार असेल तर तोल सांभाळून जेवढं सुटता येईल तेवढंच. चालताना वेगवेगळ्या क्षणी टोचून हे बऱ्याच जणांनी मोजलंय. आणि वरून मेंदूचा हात असतोच. एक हात बर्फाच्या पाण्यात बुडवला तर पायाचा रिफ्लेक्स कमी होतो, नकोसं चित्र दाखवलं तर वाढतो, छान चित्र दाखवलं तर उतरतो. म्हणजे "मेंदूला विचारायला वेळच नाही" हे माझं ५ जुलैचं वाक्य त्या ऐंशी मिलिसेकंदांपुरतं खरं, पण दार किती उघडं ठेवायचं ते मेंदू आधीच ठरवून बसलेला असतो.

२ ऑगस्ट

ओपीडीची ड्यूटी होती, प्रोजेक्टचं काम नाही, पण हे लिहायलाच हवं.

माडावरून पडलेला पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, पाठीत फ्रॅक्चर, कमरेखाली काही कळत नाही. बायकोने चादर सारखी करताना तळव्याला हात लागला आणि अख्खा पाय गुडघ्यातून दुमडला. ती धावत बाहेर आली, डॉक्टर, पाय हलला, बरा होतोय! सगळ्यांना सांगत सुटली. मला तिला खाली बसवून सांगावं लागलं.

मज्जारज्जूला इजा झाली की वरचा ताबा सुटतो पण खालची यंत्रणा जिवंत राहते, आणि ताबा सुटल्यामुळे ती बेसुमार होते. आल्बोर्गच्या ग्रुपने २००४ मध्ये अशा पेशंटांचे नकाशे काढले, नडगीच्या स्नायूचा इलाका खळग्यातून वाढत जवळजवळ अख्ख्या तळव्यावर पसरलेला, टाचेवर टोचलं तरी पाऊल वरच. म्हणजे ती नेमकी वाटणीच मोडली. १८९६ मध्ये बाबिन्स्कीने सांगितलेली खूण, तळव्याच्या कडेने ओरखडा ओढला की अंगठा वर जाणं, त्याच घरातली आहे. तान्ह्या बाळात ती चालते, मोठ्यात दिसली तर मेंदूपासून मज्जारज्जूपर्यंतच्या रस्त्यात कुठेतरी बिघाड.

हे सगळं मी तिला असं सांगितलं नाही अर्थात. एवढंच सांगितलं की वहिनी, हा पाय आपोआप हलतो, त्यांनी हलवलेला नाही, पण याचा अर्थ पुढे काही होणारच नाही असाही नाही, ते डॉक्टर दुसऱ्या तपासण्यांवरून ठरवतील. आणि असा पाय ओढून सरळ करायचा नाही, हळू धरून थांबायचं, तो सुटतो. ती ऐकून घेत होती. आपल्याकडे नातेवाईकांना हे कोणी बसून सांगत नाही, दोन मिनिटं लागतात.

१९ ऑगस्ट

मॅडमशी चर्चा, विषय डायबेटिस. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) सर्वेक्षणात गोव्याचा आकडा देशात सगळ्यात वर, २६.४ टक्के. दर चार मोठ्या माणसांत एक. त्यामुळे तळव्यावर काम करायचं आणि हा प्रश्न बाजूला ठेवायचा हे मला पटत नाही.

ओपीडीत आपण दहा ग्रॅमचा मोनोफिलामेंट वापरतो, नायलॉनचा तंतू, कातडीवर दाबला की दहा ग्रॅमला वाकतो, पेशंटला कळलं की ठीक. चांगली टेस्ट आहे, स्वस्त आहे, प्रत्येक आरोग्य केंद्रात व्हायलाच हवी. पण ती बघते स्पर्श, म्हणजे जाड तंतू. काट्याची बातमी बारीक तंतू आणतात आणि डायबेटिसमध्ये ते बऱ्याचदा आधी जातात. तंतू गेला की मज्जारज्जूला बातमीच नाही, मग नकाशा कितीही शाबूत असो, पाय मागे येणार नाही, माणूस शिंपल्याने कापलेला तळवा घेऊन दिवसभर हिंडेल आणि रात्री चादरीला रक्त लागलेलं बघून त्याला कळेल. म्हणून टोचणीची टेस्ट पण करा असं मी रिपोर्टमध्ये लिहिणार आहे.

आमचा इलेक्ट्रिकचा सेटअप मात्र या पेशंटांवर आत्ता नाही. एक तर परवानगी निरोगी माणसांपुरती आहे. दुसरं म्हणजे इलेक्ट्रिक पल्स कातडीतले रिसेप्टर टाळून थेट तंतूंना उठवतो, दुखण्याचे आणि स्पर्शाचे दोन्ही, त्यामुळे खरा काटा आणि आमचा काटा एकच नाहीत. निरोगी माणसात जागेचा नकाशा काढायला ते चालून जातं, पण कुठला तंतू मेलाय हे शोधायला नाही.

१६ सप्टेंबर

चवथीची सुट्टी संपली. रिपोर्टचा कच्चा मसुदा मॅडमकडे दिला. नकाशांची चित्रं पहिल्या पानावर टाकलीत, शब्द नंतर, कारण टाचेचा आणि खळग्याचा फरक रंगात एका नजरेत दिसतो. ज्युनिअरना शिकवताना मी आता काट्याचं उदाहरण देताना काटा कुठे आहे ते आधी विचारते, आणि पोरं स्वतःच टाचेच्या प्रश्नावर येतात, दर वेळी कोणीतरी उभं राहून करून बघतं.

मॅडमचं म्हणणं, वयस्कर अनवाणी चालणाऱ्यांचा वेगळा गट घ्या, एक काका पुरत नाहीत. मान्य. काकांनी आपल्या ओळखीच्या लोकांना विचारतो म्हणून सांगितलंय. नातेवाईकांसाठी मराठीत एक पानी माहितीपत्रक पण लिहायला घेतलंय, "पाय आपोआप हलतो तेव्हा", कोकणीत मैत्रीण करून देणार.

उभ्या माणसावरचं रेकॉर्डिंग ऑक्टोबरच्या शेवटी, पाऊस पूर्ण थांबल्यावर. त्याआधी वरून लटकणारा हार्नेस हवा, कोणी तोल जाऊन पडता कामा नये, आणि दोन सारखे वजनकाटे, एकेका पायाखाली एक, म्हणजे टोचायच्या क्षणी भार कुठल्या पायावर किती होता ते ईएमजीच्या बरोबरीने रेकॉर्ड होईल. वजनकाट्यांचं वायरिंग पार्टनरने सुरू केलंय.